अर्थातील ऐकणाऱ्याचा वाटा

१९३९ साली वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास पुराव्यानिशी अभ्यासकांसमोर उभा राहिला. द्वितीय विंध्यशक्ती राजाने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्ती शकाच्या चौथ्या शतकात, ब्राह्मणांना दिलेल्या एका गावाची ती सनद आहे. तिची भाषा थोडी संस्कृत आणि बरीचशी प्राकृत आहे. सनद लिहिणाऱ्याला ठाऊक होते की, हा पत्रा वाचला जाईल तेव्हा देणारा राजा समोर नसेल, घेणाराही कदाचित नसेल, आणि वाचणारा अंमलदार परका असेल. म्हणून कोणते कर माफ, कोणाला गावात शिरण्याची मनाई, हे सारे त्याला एकेक करून नोंदवावे लागले. जे उच्चारले नाही त्यावर हक्क सांगता येत नाही, हा सनदेचा कायदा असतो.

त्याच वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, मुलखातले रोजचे बोलणे मात्र नेमके उलट्या रीतीने चालत आले आहे. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी, सोयाबीन कापून शेतात सुड्या लागलेल्या असताना, घरातली वडीलधारी बाई ओसरीवरून ‘आभाळ भरून आलं’ एवढेच म्हणते. आणि तेवढ्यावरून मुलगा ताडपत्री घेऊन शेताची वाट धरतो, सून अंगणातले वाळवण आत घेते, आणि गप्पांना बसलेली शेजारीण उठून आपल्या घरी जाते. बाईने तिघांपैकी कोणालाही काही करायला सांगितलेले नाही, तिच्या वाक्यात ताडपत्रीही नाही आणि वाळवणही नाही. तरी तिघांनी तीन अर्थ घेतले आणि तिन्ही बरोबर घेतले. बोलण्यातला अर्थ असा अर्धा बोलणाऱ्याच्या आणि अर्धा ऐकणाऱ्याच्या ताब्यात असतो, आणि म्हणूनच ज्याची वाचा मोडली, अडखळली किंवा गेली, त्याचे पुढे काय होते हा प्रश्न केवळ वैद्याचा राहत नाही. भोवतालच्या समाजाने आपल्या वाट्याचे काम केले की नाही, हाही त्यात येतो. वऱ्हाडाच्या इतिहासात या प्रश्नाची एक सलग कथा सापडते, आणि ती वत्सगुल्मापासूनच सांगावी लागते.

वत्सगुल्म शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा राजा असून कवी होता. त्याने प्राकृतात रचलेले ‘हरिविजय’ हे काव्य आज उपलब्ध नाही. परंतु नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, तेव्हा रसाला अनुकूल असा कथेत बदल कसा करावा याचे उदाहरण म्हणून त्याने कालिदासाच्या काव्यांबरोबर या वत्सगुल्माच्या राजाचे नाव घेतले. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि त्याच्यामागून देशोदेशी फिरणारी साहित्यविद्या यांची जी रूपककथा सांगितली, तिच्यातील विवाह त्याने विदर्भातील वत्सगुल्म नगरातच लावून दिला. काव्यशास्त्राच्या दृष्टीने वाशीम हे नाव इतके जुने आणि इतके मानाचे आहे.

आनंदवर्धनाने आपल्या सिद्धान्तासाठी घेतलेला पहिलाच मोठा दाखला महाराष्ट्री प्राकृतातला आहे. हाल सातवाहनाच्या गाथासंग्रहातील एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला निर्धास्त हिंडायला सांगते, कारण त्याला त्रास देणारे कुत्रे गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. शब्द पाहावेत तर हे आमंत्रण आहे आणि अर्थ पाहावा तर ही मनाई आहे: कुत्र्याला भिणारा मनुष्य सिंहाच्या झाडीकडे फिरकणार नाही, आणि स्त्रीचे संकेतस्थळ निर्वेध राहील. शब्दकोश आणि व्याकरण या दोन्हींच्या आधारे या वाक्याचा जो अर्थ निघतो तो बोलणारीच्या मनातला नाही, आणि जो मनातला आहे तो प्रसंग जाणणाऱ्यालाच मिळतो. पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत, संभाषण करणारी माणसे परस्परांच्या सहकार्यावर विसंबून न बोललेले कसे समजून घेतात, याची जी मीमांसा केली, तिचे मूळ प्रमेय या गोदातीरच्या गाथेच्या चर्चेत हजार वर्षांपूर्वीच येऊन गेले होते. मात्र ही सारी चर्चा चतुर बोलणाऱ्यांविषयी होती. ज्याला सरळ बोलताच येत नाही अशाच्या बोलण्याला हा न्याय लावावा, असे कोणाही आलंकारिकाच्या मनात आले नाही. ते काम तेराव्या शतकात रिद्धपूरच्या साध्या माणसांनी केले.

वाचेच्या विकारांची वैद्यकाला ओळख नव्हती असे नाही. सुश्रुताने वातव्याधींच्या प्रकरणात, कफयुक्त वायूने शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या अडविल्या म्हणजे मनुष्य मुका होतो, नाकातून अस्पष्ट बोलतो किंवा अडखळत बोलतो, असे तीन प्रकार सांगून ठेवले आहेत. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात ही विद्या चांगली जागती होती. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांचा करणाधिप हेमाद्री याने स्वतः ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली; त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा पुत्र, वरदेच्या म्हणजे वर्धा नदीच्या काठचा रहिवासी, आणि ‘मुग्धबोध’ या प्रसिद्ध व्याकरणाचा कर्ता. व्याकरण आणि वैद्यक या दोन्ही विद्या एकाच वैदर्भीय पंडिताच्या घरी नांदत होत्या. तरीही या दोहोंच्या मध्ये जी जागा आहे, म्हणजे व्याकरणात न बसणारे आणि औषधाने न सुधारणारे बोलणे ऐकायचे कसे, तिच्याविषयी या विद्वानांच्या ग्रंथांतून मार्गदर्शन मिळत नाही.

याच काळात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे गुंडम राऊळ नावाचे एक पुरुष राहत असत. महानुभाव पंथ त्यांना गोविंदप्रभू म्हणून पंचकृष्णांपैकी एक मानतो. जवळच्याच काटसुरे गावी काण्व ब्राह्मणाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईबाप लहानपणीच गेले आणि मावशीने व मामाने त्यांना रिद्धपूरला आणून वाढविले. मोठेपणी ते गावात मनाला येईल तसे हिंडत, मुलांच्या खेळात मिसळत, कोणाच्याही घरात शिरून समोर दिसेल ते खात. जातीची बंधने त्यांना नव्हती. तहानेने हैराण झालेल्या अंत्यजांना त्यांनी जागा दाखविली आणि तेथे विहीर खणल्यावर पाणी लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. अडलेल्या बाळंतिणीच्या मदतीला ते स्वतः गेल्याचीही आहे. गावातले काही लोक त्यांना वेडा म्हणत, पिसा म्हणत. आणि पुष्कळदा तेच लोक त्यांना आपले मायबापही म्हणत.

त्यांचे बोलणे तर चमत्कारिकच होते. समोर स्त्री असो वा पुरुष, लहान असो वा थोर, मरून जाण्याच्या शिवीने ते वाक्याला सुरुवात करीत आणि त्या शिवीत राग असेलच असे नाही. एखादी गोष्ट करावी असे म्हणून लगेच ती करू नये असे म्हणत, आणि आपण असे म्हणत आहोत हेही त्याच दमात पुन्हापुन्हा सांगत. होकार आणि नकार एकाच वाक्यात शेजारी उभे राहिले, की ऐकणाऱ्याने काय धरावे? अशा बोलण्याला एका रोगाचे नाव देऊन मोकळे होण्याचा मोह आजच्या वाचकाला होईल, पण सातशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाची नाडी ग्रंथावरून पाहता येत नाही, आणि ज्यांना लाखो लोक ईश्वर मानतात त्यांच्याविषयी तसा निकाल देण्याचा अधिकार या लेखकाला नाही. रूढ व्याकरणाने न उलगडणाऱ्या वाणीभोवती एक मनुष्यसमूह जमला आणि त्याने ती वाणी समजून घेण्याची शिस्त घडविली, एवढी घटना मात्र ग्रंथात नोंदलेली आहे आणि तिचाच येथे विचार आहे.

या शिस्तीचे महत्त्व युरोपातील एका प्रसंगाशी ताडून पाहिल्यास अधिक कळते. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्याने लबोर्न्य नावाचा एक रुग्ण पाहिला, जो तेथे २१ वर्षे राहत होता आणि ‘तां’ या एका अक्षराखेरीज त्याच्या तोंडून बहुतेक काही निघत नसे. लोकांनी त्याचे नावच तां पाडले होते. त्याला बोललेले समजत असे, तो हातवाऱ्यांनी उत्तरे देई, आणि समोरच्याला काही केल्या उमगेना म्हणजे संतापून एक शिवी मात्र स्वच्छ हासडी. त्याच वर्षी तो मरण पावला, ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूच्या पुढील भागातील बिघाड दाखविला, आणि वाचाघाताच्या आधुनिक शास्त्राचा पाया घातला गेला. १८७४ साली कार्ल वेर्निकेने याच्या उलट प्रकार वर्णिला: वाणी ओघवती, पण शब्दांची अदलाबदल झालेली आणि दुसऱ्याचे बोलणे न कळणारी. ही थोर कामगिरी आहे. तथापि लबोर्न्यच्या त्या २१ वर्षांतले संभाषण, त्याने हाताने काय सांगितले आणि कोणाला ते कळले, याचा तपशील या इतिहासात फारच थोडा आहे. शास्त्राला त्याच्या मेंदूची जागा सापडली. रिद्धपूरला मेंदूविषयी काही कळले नाही, पण तेथे संभाषण जपले गेले.

ते कसे जपले गेले याचे कारण महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या वृत्तांतात आहे. गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचा हा पुत्र रामटेकच्या यात्रेस म्हणून घराबाहेर पडला आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी थांबला. तेथे लांबलचक उपदेश झाला नाही, बाजारात काही खात असलेल्या गोविंदप्रभूंनी आपल्या हातचा प्रसाद दिला आणि त्या देण्याघेण्यातच चक्रधरांना ज्ञानशक्ती मिळाली असे पंथ मानतो. चक्रधरांचे स्वतःचे बोलणे पुढे अतिशय प्रांजळ, नेमके आणि दृष्टान्तांनी भरलेले झाले. पण ज्यांच्यापासून ज्ञानशक्ती मिळाली त्यांची वाणी लोकांना विसंगत वाटणारी होती, हे त्यांनी कधी लपविले नाही, आणि आपण गेल्यावर शिष्यांनी रिद्धपूरला जाऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहावे असेच सांगून ठेवले. १२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्रातून निघून गेले, तेव्हा शोकाने विस्कटलेली ही शिष्यमंडळी नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, यांच्यामागून रिद्धपुरास आली.

आता या मंडळींची स्थिती ध्यानात घ्यावी. ज्यांना सूत्रासारखे रेखीव बोलणे ऐकण्याची सवय लागली होती, त्यांना उरलेला आधार होता अशा पुरुषाचा, जो हो आणि नाही एकत्र बोलतो. यांत महदाइसा होती. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव आपण घेतो. पण चक्रधरांनी तिची वाखाणणी केली ती तिच्या जिज्ञासेसाठी, ती सदैव काही ना काही विचारीत असते यासाठी. गोविंदप्रभूंच्या चरित्रात या सेवा करणाऱ्या स्त्रीपुरुषांची रीत दिसते ती अशी की, बोलणे कळले नाही म्हणून ते सोडून द्यायचे नाही. पाहत राहायचे, विचारायचे, एक गोष्ट पुढे करून पाहायची, ती नाकारली गेली तर दुसरी करायची, आणि मुद्रेवरून, हातावरून, पावलांच्या दिशेवरून अर्थाची खातरजमा करून घ्यायची. एकदा गोविंदप्रभूंच्या मनाने लग्नाचे घेतले. एका वृद्ध विरक्ताची ही इच्छा वेडगळ ठरवून बाजूला सारणे सोपे होते. मंडळींनी लग्नाचा थाट केला, महदाइसेला गायला सांगण्यात आले, आणि तिने श्रीकृष्ण आणि विदर्भाची राजकन्या रुक्मिणी यांच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीतील स्त्रीरचित काव्याचा आरंभ एका चमत्कारिक वाटणाऱ्या इच्छेला दिलेल्या गंभीर उत्तरातून झाला आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात सांगितली जाते. भाषेच्या इतिहासातही तिला तितकीच मोठी जागा मिळायला हवी.

अमेरिकेतील चार्ल्स गुडविन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या एका वकिलाला पक्षाघाताचा झटका येऊन त्याच्यापाशी ‘होय’, ‘नाही’ आणि ‘आणि’ हे तीनच शब्द उरले होते. पुढे कळले की तो गुडविनचाच पिता. गुडविनने घरातील संभाषणे ध्वनिचित्रमुद्रित करून दाखविले की, हा मनुष्य तीन शब्दांत विनोद करीत असे, आक्षेप घेत असे, विषय बदलीत असे, कारण बाकीचे शब्द घरातली माणसे पुरवीत. ती एकेक पर्याय पुढे करीत, तो सुराच्या चढउताराने आणि बोटाच्या रोखाने पसंती-नापसंती कळवी, आणि शेवटी जे वाक्य सिद्ध होई ते उच्चारले दुसऱ्याने असले तरी सांगितलेले त्याचे असे. घरच्यांनी ही मेहनत केली नसती, तर त्याच तीन शब्दांचा तोच मनुष्य कोणत्याही चाचणीत जवळजवळ मुका ठरला असता. रिद्धपूरच्या मठातील रीत आणि न्यूयॉर्कच्या या घरातील रीत यांतील साम्य ज्याला दिसेल, त्याला महदाइसेच्या सततच्या विचारण्याची किंमत कळेल.

आता म्हाइंभटांकडे वळू. सराळ्याचे हे सधन विद्वान ब्राह्मण चक्रधरांकडे मूळ आले ते वादासाठी. परंपरा त्यांना प्राभाकर मीमांसेचे जाणकार मानते, आणि माझ्या मते ही गोष्ट फार अर्थपूर्ण आहे. प्रभाकराचे मत असे की, सुट्या शब्दाला सुटा अर्थ नसतो. लहान मूल एका वडीलधाऱ्याला ‘गाय आण’ असे म्हणताना ऐकते, दुसऱ्याला गाय आणताना पाहते, मग ‘गाय बांध’ ऐकते, ‘घोडा आण’ ऐकते, आणि अशा घडत्या व्यवहारातूनच, वाक्याशी जोडलेल्या स्थितीत, शब्दांचे अर्थ त्याच्या मनात उतरतात. ज्याच्या बुद्धीवर हा संस्कार झाला आहे, त्याने गुरूंचे चरित्र लिहायला घेतले तर तो केवळ सुभाषितांचा संग्रह करणार नाही, तो व्यवहार टिपील. म्हाइंभटांनी तेच केले.

झाले असे की भटोबास एकांतात बसून चक्रधरांच्या आठवणींचे स्मरण करीत असत. आज हे स्मरण यांच्यापाशी आहे, उद्या ते कोठे राहणार, या चिंतेने म्हाइंभटांनी ते लिहून काढण्याची अनुज्ञा मागितली. रिद्धपूर येथे भटोबास सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. भटोबासांनी जे स्वतः पाहिले नव्हते त्यासाठी म्हाइंभट त्या त्या प्रसंगाच्या साक्षीदारांकडे गेले, मग तो साक्षीदार पंडित असो, बाई असो की शेतकरी. अशा रीतीने, सर्वसाधारणपणे १२७८ हा ज्याचा काळ मानला जातो, तो ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ तयार झाला, आणि १२८८ च्या आसपास गोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांच्याच हातून लिहिले गेले. यातील प्रत्येक लीळा छोटी आहे: स्थळ कोणते, कोण कोण उपस्थित होते, काय घडले, कोणी काय विचारले, उत्तर काय आले, त्यावर कोणी काय केले. दोन साक्षीदारांच्या सांगण्यात तफावत असेल तर दोन्ही नोंदी राहू दिल्या आहेत आणि पाठभेद कोणाचा हेही सांगितले आहे. गोविंदप्रभूंची ती उलटसुलट वाक्ये म्हाइंभटांनी सुधारून सुसंगत केली नाहीत. एवढ्या मोठ्या व्याकरणनिष्ठ युगात एका शास्त्रज्ञ ब्राह्मणाने न जुळणारे वाक्य न जुळणारे म्हणूनच लिहून ठेवावे, आणि त्याच्यापुढे ऐकणाऱ्यांनी काय समजून घेतले तेही लिहावे, यात जी बौद्धिक सचोटी आहे तिला तोड नाही.

पुढचे वळण केशवराज सूरी, म्हणजे केशोबास, यांचे. त्यांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला आणि ११४ दृष्टान्तांचा ‘दृष्टान्तपाठ’ लावला. पाठांतराच्या आणि उपदेशाच्या सोयीसाठी हे आवश्यकच होते. केशोबासांना संस्कृतात लिहिण्याचीही हौस होती. पण तसे केल्यास माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते मिळणार नाही, या अर्थाचे बोलून भटोबासांनी त्यांना आवरले, आणि ऐकणाऱ्याचा विचार करून भाषा निवडण्याचे ते एक फार उज्ज्वल उदाहरण आहे. परंतु सूत्रे लीळांपासून सुटली तेव्हा, ज्या प्रश्नाला ते उत्तर होते तो प्रश्न मागे राहिला, ज्या मुद्रेने ते बोलले गेले ती मुद्रा मागे राहिली, आणि दोन-तीन शब्दांचे वाक्य एकटे पुढे आले. एकच वाक्य कोणाला सर्वांसाठी सांगितलेला नियम वाटे, कोणाला एका शिष्याच्या एका दिवसाच्या चुकीवरचा शेरा. म्हणून पुढील पिढ्यांतील टीकाकारांना, प्रत्येक सूत्र कोठे, कोणाला आणि कोणत्या निमित्ताने म्हटले गेले, हे पुन्हा जोडून देणारे प्रकरणवशासारखे ग्रंथ रचावे लागले. त्यापुढे लक्षणे, निर्वचने, बंध असे टीकेचे आणखी प्रकार आले. चांगले अनुभवसिद्ध वाक्यही प्रसंगावाचून अपुरे पडते, हे या पंथाने अनेक पिढ्यांच्या श्रमाने शिकून घेतले.

मध्यंतरी मोठे अरिष्ट आले. खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी लुटीत गेली, आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ऐकून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला असे परंपरा सांगते. हिराइसा या बाईच्या स्मरणातला पाठ त्यांत विशेष प्रमाण मानला गेला. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण बाहेरच्यांना ते वाचता येईनात, आणि न वाचता आलेल्या ग्रंथांविषयी गैरसमज वाढत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा करण्यात पुढाकार घेतला, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी पोथ्यांचा शोध चालविला, ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले, आणि बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या वि. भि. कोलते यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र व पुढे १९७८ साली संपूर्ण लीळाचरित्र संपादून दिले. वऱ्हाडातच लिहिलेले हे संभाषण मुख्यतः वऱ्हाडच्याच संशोधकांच्या परिश्रमाने मराठी वाचकाला परत मिळाले.

या सगळ्याचा हिशेब करताना एक कठोर बाब नोंदविणे भाग आहे. गोविंदप्रभूंचे बोलणे ऐकले गेले, कारण ऐकणाऱ्यांनी त्यांना ईश्वर मानले होते. त्याच रिद्धपुरात, त्याच वाशीम-रिसोडच्या पट्ट्यात, वायूच्या झटक्याने जीभ लुळी पडलेला एखादा कुणबी किंवा जन्मापासून मुकी असलेली एखादी लेक असेलच. त्यांच्या खुणा समजून घेण्याची अशी शिस्त कोणी घडविली नाही. उलट धर्मशास्त्राने मुक्याला वारसाहक्कातून वगळले होते. मनूच्या स्मृतीत आंधळा, बहिरा, वेडा आणि मुका यांना वाटणीत हिस्सा नाही, केवळ पोटगी आहे; आणि महाराष्ट्रात ज्या विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’चा अंमल होता, तिच्यातही हा नियम कायम राहिला. बोलता न येणे याची किंमत जमिनीत मोजावी लागे. काळ्या मातीच्या या मुलखात जमीन जाणे म्हणजे काय, ते सांगावयास नको.

हा नियम मोडला तो धर्मशास्त्राच्या आतून नाही, कायद्याच्या वाटेने, आणि सावकाश. आधी साक्षीची बाजू सुधारली. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील ११९ व्या कलमाने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा दिली आणि अशी साक्ष तोंडी साक्षच समजावी असे ठरविले. त्यानंतर १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. गळा चिरल्यामुळे जिला बोलता येत नव्हते अशा एका मरणोन्मुख तरुणीला, तुला कोणी मारले असे विचारून एकामागून एक नावे घेण्यात आली, आणि तिने हाताच्या खुणेने नकार व होकार दिला. ती मेल्यावर प्रश्न उभा राहिला की, जिने शब्दच उच्चारला नाही तिचे मृत्युपूर्व निवेदन झाले असे म्हणता येईल काय? विचारलेला प्रश्न आणि दिलेली खूण ही दोन्ही एकत्र घेतली म्हणजे ते निवेदन होते, असा निर्णय पूर्णपीठाने दिला. नाव उच्चारले दुसऱ्याने, सांगितले तिने; गुडविनच्या निबंधाच्या ११० वर्षे आधी न्यायासनाने हे तत्त्व एका फौजदारी खटल्यात मान्य केले होते.

वारशाची बाजू सुधारायला आणखी वेळ लागला. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरेखालील वाटणीत मुका, बहिरा, आंधळा यांवरील बंदी उठली, फक्त जन्मजात वेड आणि जडत्व एवढेच अपवाद राहिले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कोणालाही वारसा नाकारता येणार नाही असे स्पष्ट झाले. वाचेच्या उपचारांचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही याच शतकात निघाल्या: १९६५ साली म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, १९८३ साली मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. आज लकव्याने वाचा गेलेल्या माणसाच्या घरच्यांना वाक्-उपचारतज्ज्ञ ज्या गोष्टी शिकवितात, त्यांत एका वेळी एकच प्रश्न विचारणे, दोन पर्याय पुढे करणे, उत्तरासाठी थांबणे, आपल्याला कळले ते त्याला पुन्हा सांगून खात्री करून घेणे, आणि त्याच्या वतीने परस्पर निर्णय न घेणे, यांवर भर असतो. रिठदपासून मुंबई आणि म्हैसूर फार दूर आहेत; पण या गोष्टी शिकण्यासाठी तेथवर जावेच लागते असे नाही, आणि त्या एकदा घरात रुजल्या की फेरफाराच्या नोंदीपुढे किंवा वाटणीपत्रापुढे बसलेल्या अशा माणसाचा होकार त्याच्या भावाबंदांच्या सोयीप्रमाणे वाचला जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

साक्षीच्या बाजूने, २०१३ साली पुरावा अधिनियमाच्या त्याच ११९ व्या कलमात दुरुस्ती झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची जबानी घेताना न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि त्या जबानीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे, असे तीत बंधनकारक करण्यात आले, आणि १८७२ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्यातही ही तरतूद कायम ठेवण्यात आली. साक्षीदाराने काय खूण केली याबरोबर त्याला काय विचारले गेले आणि समजणाऱ्याने काय समजून घेतले, हे तिन्ही आता दफ्तरात दाखल होते.